धसका, हाय आणि सावधपण : एका लघुशोधप्रबंधाच्या नोंदी

२० नोव्हेंबर २०२३

दिवाळीची सुट्टी संपली आणि आज विषय नक्की झाला. मी लिहून नेलेलं शीर्षक होतं 'कोल्हापूर जिल्ह्यातील पूरग्रस्त महिलांमध्ये आघातोत्तर तणाव विकाराचे प्रमाण'. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पेन्सिलीनं 'प्रमाण' या शब्दाभोवती गोल काढला. "अगं, ही फूटपट्टी इथल्या बाईच्या मापाची आहे का, हेच अजून कुणी नीट बघितलेलं नाही. तिनं मोजून तू काय सांगणार?"

मला वाईट वाटलं. टक्केवारी हातात असली की प्रबंध भक्कम वाटतो. पण संध्याकाळी घाटावर बसून विचार केला तेव्हा पटलं. आता काम असं: पीसीएल-५ ही आघातोत्तर तणावाची लक्षणं मोजणारी प्रश्नावली, म्हणजे मॅडम म्हणाल्या ती फूटपट्टी, घ्यायची, ती मराठीत आणायची आणि करवीर व शिरोळ तालुक्यांतल्या नदीकाठच्या बायकांसमोर ठेवून एकेका प्रश्नावर त्या काय समजतात, काय म्हणतात, ते ऐकायचं. प्रश्न वीस. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ऐंशीपैकी. साधारण ३१ ते ३३ च्या वर गुण गेले की पुढची तपासणी करावी, असा संकेत. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी असलेल्या केंद्रात ती तयार झाली आणि जगभर वापरली जाते. वापरायला पैसे पडत नाहीत, हेही विद्यार्थ्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. तिथं इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, परत तेच. आमचं घर उंचावर, त्यामुळं आमच्याकडं पाणी आलं नाही. महामार्ग बंद, पेट्रोल नाही, नळाला पाणी नाही, आणि आम्ही मंडळाच्या हॉलमध्ये चपात्या बांधत होतो, एवढाच माझा पूर. हे प्रबंधात आधीच लिहायचं आहे. मी कोरड्या बाजूची आहे, हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

६ डिसेंबर २०२३

भाषांतर. रीतीप्रमाणे दोघांनी वेगवेगळं मराठी केलं, मग एकत्र बसून एक मसुदा, मग मूळ न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीकडून उलट भाषांतर. उलट भाषांतर मुळाशी छान जुळलं आणि मी खूश झाले. मॅडम म्हणाल्या, "जुळलं कारण तिघंही इंग्रजी शिकलेले. दोन शिकलेल्या माणसांमध्ये निरोप नीट पोचला, एवढंच सिद्ध झालं."

'तणावपूर्ण अनुभव' हा शब्दप्रयोग वीसपैकी नऊ प्रश्नांत येतो. दूध घालून आलेल्या बाईला तो विचारून बघायचा. 'महापूर' म्हणावं का? मग प्रश्न सोपा होतो, पण तिच्या मनातला खरा आघात पूर नसून दुसरंच काही असलं तर तो झाकला जातो. शेवटी दोन्ही ठेवले: 'महापुरात जे सोसलं ते'.

सतराव्या प्रश्नाला 'सतत सावध, पहाऱ्यावर असल्यासारखं राहणं' असं घातलं. फारसा विचार न करता. सोपा वाटला.

२२ डिसेंबर २०२३

नैतिकता समितीकडून प्रस्ताव शंकांसह परत आला. तीन आठवडे गेले म्हणून चिडले होते, पण शंका वाचल्यावर राग उतरला. त्यांनी विचारलंय: मुलाखतीत बाईला त्रास झाला तर तुम्ही काय करणार, ते पायरीपायरीनं लिहा. सही येत नसेल तर अंगठा आणि साक्षीदार. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे, 'हा पंचनामा नाही, याचा कोणत्याही अनुदानाशी संबंध नाही' हे संमतीपत्राच्या पहिल्याच ओळीत, ठळक. मला हे सुचलं नव्हतं. ज्या गावात कागद-पेन घेऊन आलेला प्रत्येक माणूस नुकसान मोजायला आलेला असतो, तिथं माझ्या हातातले कागद वेगळे कसे दिसणार?

२८ जानेवारी २०२४

पहिलं गाव. नाव इथंही लिहीत नाही, सहभागी बायकांना फक्त क्रमांक: स-१, स-२.

आज एक चूक झाली. शून्य ते चार हे मोजमाप तोंडी सांगून कळत नाही म्हणून मी पुठ्ठ्यावर पाच घागरी काढल्या होत्या. पहिली रिकामी, मग तळाला पाणी, मग अर्धी, पाऊण, शेवटची काठोकाठ. वर्गात सगळ्यांना आवडलेली कल्पना. स-१ नं पुठ्ठा हातात घेतला, चढत जाणारं निळं पाणी एका घागरीवरून दुसऱ्या घागरीवर बोटानं दाखवत गेली आणि पुठ्ठा पालथा घालून मांडीखाली ठेवला. "ह्ये कशाला काढलंय, ताई?" एवढंच म्हणाली.

पूर सोसलेल्या बाईला चढत्या पाण्याचं चित्र. मी माफी मागितली. त्याच घरात सुपात भुईमुगाच्या शेंगा होत्या, त्यातल्या चार घेतल्या. अजिबात नसेल तर रिकामा तळवा, अतिशय असेल तर चार शेंगा. पुढच्या सगळ्या मुलाखती शेंगांवरच होणार. पुठ्ठा परिशिष्टात लावायचा, चुकीसकट.

पंचनाम्याची भीती खरी ठरली. दारात जाताच सासूबाई म्हणाल्या, "आदल्या बाईनं भिताडाचं लिवून घेतलं, पैसं आलं न्हाईत." पहिली ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. तरीही जाताना विचारलंच, "कवा येतील?"

११ फेब्रुवारी २०२४

सात मुलाखती झाल्या. एकांत मिळवणं हे निम्मं काम आहे. घरात बसलं की शेजारीण येऊन टेकते, नवरा उंबऱ्यात उभा राहतो, आणि बाई त्याच्याकडं बघून उत्तर देते. खरी बोलणी होतात ती गोठ्यात, किंवा शेणी थापताना. संध्याकाळची डेअरीची वेळ झाली की जगातला कुठलाही प्रबंध थांबतो. तेव्हा आता दुपारी दोन ते चार, गोठ्यात, मी पालथ्या बादलीवर.

तारखा कुणी सांगत नाही. "नागपंचमीला घरात पाणी" म्हणजे २०१९. "आषाढी झाली आणि" म्हणजे २०२१. घरोघरी भिंतीवर दोन रेघा, काहींनी रंगानं काढलेल्या, काही गाळानं आपोआप उमटलेल्या. स-५ च्या घरी मुलाची उंची मोजायच्या खुणाही त्याच भिंतीवर आहेत. मुलगा आता जुन्या रेघेच्या जवळ येतोय.

आणि सतरावा प्रश्न. 'सतत सावध राहणं.' सातपैकी सहाजणींनी चार शेंगा मांडल्या, आणि कशा, तर मान ताठ करून! "सावध ऱ्हायलाच पायजे की. पाणी काय सांगून येतंय व्हय?" कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तुळईला टांगलेली. पावसाळ्यात मोबाईलवर बंधाऱ्याची पातळी येते ती इंचासकट पाठ. धान्याचं पिंप पहिल्यापासूनच माळ्यावर. हे सगळं माझ्या कागदावर लक्षण म्हणून नोंदलं जातंय. उत्तर दोन किंवा त्यावर गेलं की लक्षण हजर, असा नियम. ज्या गोष्टीनं त्या पुढच्या पुरात जगणार आहेत, तिला मी आजाराचे गुण देतेय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, आघातोत्तर तणाव विकाराच्या तीन मुख्य खुणांपैकी एक आहे ती म्हणजे धोका आत्ताही आहे असं सतत वाटत राहणं. पण नदी तिथंच आहे. धोका खराच दरवर्षी येत असेल, तर 'वाटणं' कुठं संपतं आणि 'असणं' कुठं सुरू होतं? आज रात्रभर हेच डोक्यात.

२ मार्च २०२४

स-९. चाळिशीच्या. आजची नोंद सविस्तर लिहून ठेवते, कारण उद्या माझ्याच डोक्यात ती गुळगुळीत होईल.

२०१९ ला पाणी गावात शिरायच्या आदल्या संध्याकाळीच त्या मुलांना घेऊन बहिणीकडं गेल्या. पायसुद्धा भिजले नाहीत. थोरली म्हैस गोठ्यात बांधलेली ठेवली, कारण सकाळी नवरा येऊन सोडणार होता. सकाळी रस्ताच नव्हता. आठ दिवसांनी गावात जाता आलं.

"दाव्याची गाठ माझ्या हातची हुती," म्हणाल्या. दुसरं काही नाही. बराच वेळ.

मग उठल्या आणि आत्ताच्या म्हशीचं दावं मला दाखवलं. खुंट्याला सुरगाठ. एक टोक लोंबतं ठेवलेलं. ते ओढलं की एका हिसक्यात गाठ सुटते. त्यांनी ओढून दाखवलं, परत बांधली, परत ओढली. तीन वेळा. म्हैस मान वळवून बघत होती. "आता पोरगंबी सोडंल," म्हणाल्या.

दहावा प्रश्न, स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देणं: चार शेंगा. झोप: चार. आनंद न वाटणं: तीन. तुटल्यासारखं वाटणं: चार. बेरीज केली तर संकेतरेषेच्या बरीच वर. पण डीएसएम-५ या अमेरिकन निदान-पुस्तिकेत या विकाराचा पहिला निकष असा आहे की माणसाच्या प्रत्यक्ष मृत्यूचा, मृत्यूच्या धोक्याचा, गंभीर इजेचा किंवा लैंगिक हिंसेचा सामना झालेला असावा. स-९ कोरड्या पायांनी निघाल्या. म्हैस त्या निकषात नाही. म्हणजे नियमानं पाहिलं तर पहिल्याच पानावर त्यांची फाईल बंद होते.

त्यांच्या जावेनं बाहेर निरोप देताना सांगितलं, "तिनं हाय खाल्ली, ताई. म्हशीची हाय खाल्ली."

मी मराठी आहे. हा शब्द लहानपणापासून ऐकते. आजी म्हणायची, अमक्यानं पोराची हाय खाल्ली आणि गेला. इतक्या दिवसांत माझ्या एकाही टिपणात तो नव्हता.

१९ मार्च २०२४

लिप्यंतर. एका तासाच्या मुलाखतीला पाच-सहा तास लागतात. गोठ्यातली असेल तर जास्त, रवंथाचा आवाजही त्यात असतो. स-६ ची ध्वनिफीत गेली. मोबाईलवरून संगणकावर घ्यायच्या आधी जागा करायला म्हणून पुसत होते, तीही पुसली गेली. त्यांना फोन करून खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग परत या, त्यात काय." पण पहिल्यांदा सांगितलेलं दुसऱ्यांदा तसंच येत नाही. हाताशी असलेली टिपणं तेवढी वापरणार आणि तसं लिहिणार. आजपासून गाव सोडायच्या आत दोन प्रती.

८ एप्रिल २०२४

पीसीएल-५ बरोबर आम्ही नैराश्याची नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावलीही घेतो. तिचा नववा प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत मेलेलं बरं असं, किंवा स्वतःला इजा करावी असं वाटलं का. आज स-११ नं एक शेंग ठेवली. "कवातरी वाटतंय, त्या रात्री नदीनं न्यायचं राहून गेलं."

वही मिटली. ध्वनिमुद्रण थांबवलं. समितीनं माझ्याकडून लिहून घेतलेल्या पायऱ्या आज कामाला आल्या. सरळ विचारलं: कसं, कधी, काही ठरवलंय का, घरात काय आहे. सरळ विचारल्यानं मनात नसलेला विचार रुजतो, हा समज खोटा आहे. उलट त्यांनी खांदे सैल सोडले. ठरवलेलं काही नव्हतं. घरात तणनाशकाचे डबे होते. त्यांच्या परवानगीनं नणंदेला बोलावलं, डबे नणंदेच्या घरी कुलपात गेले. मॅडमना तिथूनच फोन. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६, मोठ्या अक्षरात कागदावर लिहून देव्हाऱ्याजवळ चिकटवला. परवा सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागाची वेळ. नणंद सोबत जाणार, मीही जाणार.

ही मुलाखत प्रबंधात नाही. समितीनं मनाई केलेली नाही, पण मला ती मोजायची नाही.

२५ एप्रिल २०२४

मोठी अडचण, आणि इतके दिवस समोर असून दिसली नाही. पीसीएल-५ विचारतं 'गेल्या महिन्यात'. मी विचारतेय फेब्रुवारी, मार्च, एप्रिलमध्ये. नदी तळाला गेलेली, पात्रातले दगड उघडे. स-३ म्हणाल्या होत्या, "आत्ता कशाला विचारतासा? आत्ता बरं हाय. मिरगात या." मी ते हसून लिहून घेतलं आणि पुढं गेले. त्या मला संशोधन-पद्धती शिकवत होत्या.

दहा बायकांना पावसाळ्यात पुन्हा भेटायचं, असा दुरुस्ती-अर्ज समितीकडं दिला. सादरीकरणाची मुदत पुढं ढकलावी लागणार. घरी बाबा काळजीत आहेत; लग्नाचा विषय मुदतीशी जोडला गेलाय. मॅडमनी स्वतः अर्जावर सही करून खाली चार ओळी लिहिल्या, त्या वाचून धीर आला.

(मे महिन्यात गावात फिरकायचं नाही. ७ मेला मतदान. तोवर प्रत्येक कागदवाली बाई प्रचाराचीच.)

२६ जुलै २०२४

राजाराम बंधाऱ्यावर पाणी धोका पातळीच्या वर. राधानगरीचे दरवाजे उघडलेत. माझ्या यादीतली काही घरं कालच हलवली.

दुसऱ्या फेरीची परवानगी हातात आहे, प्रश्नावल्या छापून तयार आहेत, आणि मॅडम म्हणाल्या, "पाणी उतरेपर्यंत एकही प्रश्न विचारायचा नाही." मला हे सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं ते बरं झालं. दिवसभर फक्त फोन: कुठं आहात, जनावरं कुठं, औषधं घेतलीत का. स-११ नणंदेकडं आहेत, गोळ्या सोबत आहेत, आवाज ठीक. स-९ चा फोन लागत नव्हता. रात्री साडेनऊला त्यांनीच केला. "म्हस आणली हाय," एवढं सांगून ठेवून दिला.

१८ ऑगस्ट २०२४

पाणी उतरून तीन आठवडे झाले. गाळाचा वास अजून भिंतीत आहे. आज स-१४, ज्यांच्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला असं आता वाटतंय.

सतरावा प्रश्न परत विचारला. त्यांनी शेंगा उचलल्याच नाहीत. "ह्यात दोन इचारतासा तुम्ही, ताई. सावध येगळं आणि धसका येगळा."

वेगळं कसं?

"रात्री उठून पाणी बघून आलो. पायरीच्या खाली हाय. आलो, आणि डोळा लागला. ते सावध. बघून आलो, पाणी खाली हाय, आणि तरीबी डोळा लागत न्हाई, तो धसका."

आणि पाणी नसतानाच बघायला गेलं तर?

"त्योबी धसकाच की. माझी जाऊ चैतात उठून जाती. नदीत वाळू, आणि ही बॅटरी घिऊन."

मग मी जरा दबकत विचारलं, आणि हाय?

"हाय म्हंजे गेलेल्याची. धसका येणाऱ्याचा." आणि चहा उतू जायला लागला म्हणून उठल्या.

मी बादलीवर तशीच बसून राहिले. डोळ्यांत पाणी आलं, ते लिहिताना परत येतंय. सहा महिने ज्या प्रश्नावर अडले होते, त्याचं उत्तर एका बाईनं चुलीवर चहा ठेवून दिलं. धोका खरा की खोटा, यावर ती भेद करतच नाही. खात्री करून आल्यावर जीव थाऱ्यावर येतो का, यावर करते. दवाखान्यात आम्हाला हाच भेद शिकवतात, पाच पानांत.

३० सप्टेंबर २०२४

विश्लेषण. मुलाखतींचे तुकडे कापून खोलीभर फरशीवर मांडलेत. पंखा लावता येत नाही. हिरवी चिठ्ठी सावध, पिवळी धसका, निळी हाय.

संगणकाची एक गंमतशीर अडचण. 'हाय' हा शब्द शोधला तर शेकडो जागा निघाल्या, कारण आमच्याकडं 'आहे' लाही 'हाय'च म्हणतात. 'दूध घालायचं हाय', 'पोरगं शाळंत हाय'. दु:खाचा 'हाय' वेगळा काढायला प्रत्येक ओळ वाचावीच लागली. तीन दिवस गेले, पण वाचताना एक दिसलं जे शोधून सापडलं नसतं: कुणीही स्वतःबद्दल 'मी हाय खाल्ली' असं म्हटलेलं नाही. ते नेहमी दुसरी सांगते, जाऊ, नणंद, शेजारीण. धसका मात्र स्वतःचा स्वतः सांगतात. म्हणजे 'हाय' स्वतःहून भरायच्या प्रश्नावलीत कधीच उमटणार नाही. त्यासाठी घरातल्या दुसऱ्या बाईला विचारावं लागेल.

मार्क निक्टर यांनी १९८१ मध्ये दक्षिण कानडातल्या हव्यक स्त्रियांच्या दु:ख सांगायच्या रीतींवर लिहिलं, तेव्हापासून या विषयाला अभ्यासात स्वतःची जागा आहे. तिथली स्त्री ज्या वाटांनी दु:ख बोलते त्या आजाराच्या यादीत बसत नाहीत, पण घरच्यांना बरोबर कळतात. ते परत वाचलं. आमच्या जिल्ह्यापासून फार लांबची गोष्ट नाही.

दोषाच्या प्रश्नाखाली कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाचं नाव सारखं येतं. धरणाच्या उंचीवरून दोन राज्यांत वाद आहे आणि तो गोठ्यापर्यंत पोचलाय. तो राग लक्षण म्हणून मोजायचा नाही, असं ठरवलं. कारणांसह लिहिलं. मॅडमना अजून पूर्ण पटलेलं नाही.

१५ नोव्हेंबर २०२४

प्रबंध इंग्रजीत लिहायचा आहे. धसक्याला शब्द नाही. भीती म्हटलं तर कमी, चिंता म्हटलं तर फिकट, आणि दोन्हीत 'घेतला' राहून जातं. धसका घेतला जातो, हाय खाल्ली जाते. दोन्ही अंगात शिरतात. शेवटी तिन्ही शब्द देवनागरीतच ठेवले, पहिल्यांदा आले तिथं अर्ध्या पानाचं स्पष्टीकरण, पुढं तसेच.

चौथ्या प्रकरणाचा गाभा आज झाला. सुचवणी एकच आणि छोटी: सतराव्या प्रश्नात एक उपप्रश्न जोडावा, 'खात्री करून आल्यावर जिवाला थारा मिळतो का?' मूळ गुणांना हात लावायचा नाही, फक्त मुलाखत घेणाऱ्यानं हे उत्तर शेजारी लिहावं. याहून मोठा दावा अठरा बायकांच्या बळावर करता येत नाही, आणि करायचाही नाही. स-११ वजा जाता सतराच.

९ जानेवारी २०२५

साहित्यचोरी तपासणी. २०१८ च्या यूजीसी नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. माझं त्याच्या वर दाखवलं. बघितलं तर परिशिष्टातली प्रश्नावली आणि संमतीपत्राचा ठरलेला मजकूर धरला होता. ते वगळून परत दिलं, निभावलं. बाईंडिंगवाल्यानं पाठीवर सोनेरी अक्षरात माझं आडनाव चुकवलं. परत करून दिलं, पैसे घेतले नाहीत. पाच प्रती. सादर.

४ मार्च २०२५

मौखिक परीक्षा. बाहेरचे परीक्षक शांत, पण धारदार. पहिलाच प्रश्न: "धसका म्हणजे चिंताच ना? नवं काय?"

मी तयार केलेलं उत्तर विसरले आणि स-१४ चं वाक्य जसंच्या तसं बोलले, डोळा लागण्याचं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "हे माझ्या बाह्यरुग्ण विभागात मी उद्यापासून विचारेन." दुसरा प्रश्न अवघड होता आणि योग्य होता: पुरुष कुठं आहेत? नाहीत. एकानं मला गोठ्याबाहेर म्हटलंही होतं, "आमचं काय लिवून घेत न्हाईसा व्हय?" तेव्हा मी हो-हो करून निघाले होते. मर्यादांच्या विभागात ते एका ओळीत उरकलं होतं. परीक्षकांनी पूर्ण परिच्छेद मागितलाय. देणार.

मान्य, किरकोळ दुरुस्त्यांसह. बाहेर आले तेव्हा मॅडमनी पाठीवर हात ठेवला. बाबांना फोन केला, ते दुकानात होते, त्यांनी तिथंच सगळ्यांना सांगितलं ते मला ऐकू येत होतं.

१४ मार्च २०२५

दुरुस्त्या दिल्या. संमतीपत्रात लिहून दिल्याप्रमाणे आज ध्वनिमुद्रणं पुसली, मॅडमच्या समोर, त्यांच्या सहीनं. लेखी प्रती नावं काढून विभागाच्या कुलूपबंद कपाटात. पुसण्याआधी ऐकावंसं वाटलं, पण ऐकलं नाही. स-९ ची फाईल शेवटची होती.

उद्या शिरोळकडच्या आशाताईंची बैठक आहे. प्रश्नावली नेणार नाही. सावध, धसका, हाय हे तीन शब्द आणि कुठला ऐकला की कुणाला कळवायचं, एवढं एका पानावर घेतलंय. शेंगा आईनं पिशवीत घालून ठेवल्यात.